मोतीबिंदूसाठी मोनोफोकल, मल्टिफोकल की टोरिक लेन्स?

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात कोणती लेन्स घालावी, असं तुम्ही विचारलंय. तुम्ही आईचं वय लिहिलंय, बजेट लिहिलंय, दवाखान्याने मल्टिफोकल सुचवली तेही लिहिलंय. त्या दिवसभर काय करतात ते मात्र कुठेच नाही. लेन्स त्यावरून ठरवायची असते.

माझे वडील मिरजेत तंतुवाद्यांचं काम करतात. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, काढावी तर त्यांनीच. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने, मग पॉलिश पेपरने घासत जायचं आणि तार कुठे टेकते, कुठून सुटते ते उजेडाकडे धरून बघायचं. कान लागतोच, पण ती केसाएवढी फट डोळ्यालाही दिसावी लागते. त्यांना लहानपणापासून मायनस नंबर, त्यामुळे चष्मा कपाळावर सरकवून हातभर अंतरावरून काम करायची जन्माची सवय.

ऑपरेशन ठरलं तसा दादा पुण्याहून आला. "मल्टिफोकलच घालायची, वडिलांच्या डोळ्यात स्वस्तातलं नको." दवाखान्यातल्या काउन्सेलर बाईंनीही तेच पॅकेज पुढे सरकवलं. मी आडवा आलो. मल्टिफोकल डोळ्यात येणारा उजेड लांबच्या आणि जवळच्या नजरेत वाटून टाकते. चष्मा बराचसा सुटतो, पण कॉन्ट्रास्ट घटतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. उजेडातली फट शोधणाऱ्या कारागिराचा कॉन्ट्रास्टच काढून घ्यायचा?

मी डॉक्टरांना विचारलं, मोनोफोकलच, म्हणजे एकाच अंतरावर स्पष्ट दाखवणारी लेन्स, घालून नंबर जवळचा धरता येईल का? येतो. बहुतेकांना लांबचा धरतात, म्हणून मोनोफोकल म्हणजे वाचायला चष्मा असं लोकांच्या डोक्यात बसलंय. वडिलांना साधारण मायनस २.५ राहील अशी लेन्स बसवली. आता जवारी बिनचष्म्याची, रस्त्यावर चष्मा. दादा अजून दर सणाला ऐकवतो, "एवढं करून चष्मा राहिलाच." अरे, लांबचा चष्मा राहणार हे ठरवूनच तर केलं!

तुमच्या आईंचा वेळ घरकाम, देऊळ, टीव्हीत जात असेल तर लांबची मोनोफोकल आणि वाचायला चष्मा, माझं मत स्वच्छ आहे. टोरिकला या दोन्हींच्या समोर उभं करू नका. ती सिलिंडर नंबरासाठी, म्हणजे बुबुळाच्या वेड्यावाकड्या गोलाईमुळे येणाऱ्या नंबरासाठी, असते आणि मोनोफोकल, मल्टिफोकल दोन्हींत मिळते. सिलिंडर जास्त असेल तर तिच्यावर खर्च करा, तो वाया जात नाही.

हो, मल्टिफोकल घालून खूश असलेली माणसंही आहेत. चष्म्याचा मनापासून तिटकारा आणि निरोगी डोळा असेल तर जरूर विचार करा. पण मधुमेहाने पडदा बिघडलाय किंवा काचबिंदूने नजर गेलीय, तिथे नको. आधी पडदा तपासून घ्या, कारण बसवलेली लेन्स नंतर बदलणं सोपं नसतं.

आणखी एक. पुढे कधी धुरकट दिसायला लागलं तर लेन्सच्या किमतीला दोष देऊ नका. वडिलांना तसं झालं तेव्हा दादाने फोनवर "बघ, स्वस्तातली" म्हणून मला झापलं होतं. लेन्स जिच्यात बसवतात ती डोळ्यातली पिशवी लेन्समागे गढूळ होऊ शकते, महागड्या लेन्सच्या बाबतीतही. यॅग लेझरने काही मिनिटांत तिच्यात उजेडाला वाट मोकळी केली आणि वडील पुन्हा कामाला बसले. लेन्स तीच आहे, दादा.