डिसेंबरच्या शेवटी दिल्लीला जाताना कपडे कोणते न्यावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: नाशिकहून २५ डिसेंबर ते १ जानेवारी दिल्ली-आग्रा करायचं आहे, राजधानीची तिकिटं झाली आहेत. तुम्ही दोघं, सात आणि चार वर्षांची मुलं आणि सत्तरीच्या सासूबाई. निफाडची थंडी पाहिलेल्यांना दिल्लीत वेगळं काय लागेल, साडीच नेसणाऱ्या सासूबाईंचं कसं करायचं आणि मुळात त्यांना न्यावं की नाही.

मी बरीच वर्षं दिल्लीत राहते. नाताळाच्या सुट्टीत महाराष्ट्रातून कुणी ना कुणी आमच्याकडे उतरतंच, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला इथे नेमकं कशाचं वाजतं ते जवळून पाहिलं आहे.

हवामानाचा अंदाज बघताना पहाटेच्या आकड्यापेक्षा दुपारच्या आकड्याकडे लक्ष द्या. निफाडला पारा ५ अंशांच्या खाली उतरतो हे खरं, पण त्याच दिवशी दुपारी तिकडे २७-२८ अंश असतात. अकरा वाजता स्वेटर काढला की संध्याकाळपर्यंत थंडीची आठवणही राहत नाही. दिल्लीत डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीचा मध्य या काळात ती दुपारची सुटका काही दिवस मिळतच नाही. धुकं खाली बसून राहतं, ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही आणि कमाल तापमानच १४-१५ अंशांवर अडकतं. किमान तापमान १० किंवा त्याखाली आणि कमाल नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा जास्त घसरलेलं असलं, की हवामान खातं तो ‘थंड दिवस’ धरतं. असा दिवस अंगावर येतो, कारण सकाळी शिरलेला गारठा निघायला वेळच मिळत नाही. उलट धुकं लवकर विरलं तर त्याच आठवड्यात २० अंश आणि छान कोवळं ऊन. दोन्हीची तयारी हवी.

आणखी एक गोष्ट पाहुण्यांना इथे आल्यावरच कळते. घरात शिरलं की ऊब मिळेल असं आपण धरून चालतो, पण दिल्लीतली घरं उन्हाळ्याच्या हिशोबाने बांधलेली असतात. मोझॅकची नाहीतर संगमरवरी फरशी, जाड भिंती, दारं-खिडक्यांच्या फटी, आणि घर उबदार ठेवायची सोय म्हणजे एखादा रूम हीटर. दुपारी ऊन पडलं की इथली माणसं घर सोडून गच्चीवर किंवा बागेत जाऊन शेंगदाणे, गजक (तीळ-गुळाची कुरकुरीत वडी) आणि संत्री खात बसतात ती याचमुळे. हॉटेलांतही बऱ्याचदा हेच चित्र असतं. खोली घेताना हीटर आहे का, त्याचे वेगळे पैसे लागतात का आणि माणशी एक रजई मिळेल का, हे आधीच विचारून घ्या. तेव्हा फक्त बाहेर घालायचे कपडे भरून भागणार नाही. खोलीत बसताना, जेवताना, झोपताना घालायचे गरम कपडे वेगळे मोजा. फिरताना घातलेलं जॅकेट घालून कुणाला झोप लागत नाही.

एकच जाडजूड जॅकेट घेण्याचा मोह होईल, तो टाळा. दोन पातळ थरांच्या मध्ये हवा अडकते, आणि ऊब धरून ठेवते ती ती हवा. शिवाय दिल्लीत दिवसभर कपडे चढवायचे-उतरवायचे असतात. सकाळी गेटवर कुडकुडणारी माणसं मेट्रोच्या गर्दीत घामाघूम होतात. अंगावर सगळ्यात आत थर्मल, त्यावर नेहमीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट किंवा कुर्ता, त्यावर स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं टोपीचं जर्किन. या चार थरांत दिल्लीचा कुठलाही दिवस निभावतो. जर्किनला टोपी हवीच, कारण या दिवसांत अधूनमधून पश्चिमेकडून ढग येतात आणि भुरभुर पाऊस होतो. तो थांबला की मागोमाग उत्तरेच्या बर्फावरून येणारा वारा सुटतो.

थर्मलच्या बाबतीत कंजुषी करू नका. माणशी निदान तीन जोड न्या. धुक्याच्या दिवसांत हवा इतकी दमट असते की रात्री धुतलेलं थर्मल सकाळी ओलंच मिळतं आणि जीन्स तर दोन दिवस वाळत नाही. घामाने ओलसर झालेला आतला कपडा कोरड्या कपड्यापेक्षा कितीतरी लवकर अंग गार करतो, म्हणून थर्मल रोज बदलायचं. स्वेटर मात्र माणशी दोन पुरेत. फोटोंत रोज तोच स्वेटर दिसेल, दिसू दे. त्या जागेत मोजे भरा.

मोज्यांबद्दल मी सगळ्यांच्या मागे लागते. थंडी पायातून चढते आणि दिल्ली बघायची म्हणजे जागोजागी पायातलं काढायचं. अक्षरधामला मुख्य मंदिरात चपला-बूट काढावे लागतात, जामा मशिदीत तेच, बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात तर आत जाताना पाय पाण्यातून धुऊन जायचे असतात. डिसेंबरच्या सकाळी संगमरवरावर अनवाणी चालल्यावर ओल्या पायांवर लगेच तोच बूट चढवला, की उरलेला दिवस पाय गरम होत नाहीत. हातातल्या पिशवीत प्रत्येकाचा एक कोरडा मोज्यांचा जोड आणि एक लहान पंचा ठेवा. आतून पातळ सुती मोजा आणि वरून लोकरी, असे दोन घालायचे, पण ते घालून बूट आवळत नाही ना हे नाशिकलाच बघा. बूट घट्ट झाला की मोजे घालून उपयोग नाही, बोटं गारच राहतात. खोलीत घालायला प्रत्येकाला बंद सपाता लागतील. नवे बूट मात्र या सहलीसाठी घेऊ नका, रोजच्या सवयीचे कॅनव्हासचे किंवा खेळाचे बूट चालतात.

आता आजींचं. साडी आणि थंडी यांचं जमतं, फक्त नीट बांधणी करावी लागते. परकराच्या आत थर्मलची विजार, गुडघ्यापर्यंत येणारे मोजे. वर ब्लाउजच्या आत पूर्ण बाह्यांचं, गोल गळ्याचं थर्मल. ते गडद रंगाचं घ्या म्हणजे ब्लाउजच्या बाहीखालून वेगळं उठून दिसत नाही आणि त्यांना संकोच वाटत नाही. इकडे बायका पूर्ण बाह्यांचे विणलेले लोकरी ब्लाउज वापरतात. ते पुढे इथल्या बाजारात घेता येतील, पण पहिल्या दिवसासाठी त्यावर विसंबू नका. लोकर अंगाला टोचत असेल तर आत सुती हवंच. स्वेटर डोक्यातून घालायचा नको, पुढून बटणांचा हवा. सत्तरीत खांदे वर करून स्वेटर काढणं त्रासाचं होतं, आणि मग गरम होत असूनही त्या तो काढत नाहीत किंवा गार वाटत असूनही घालत नाहीत. बटणं मोठी असू द्या, गारठलेल्या बोटांना बारीक बटणं सापडत नाहीत.

साडी सुतीपेक्षा जाडसर सिल्कची किंवा सिंथेटिक न्या. सुती साडीचा काठ सकाळी गवतावरच्या दवाने भिजतो आणि दिवसभर घोट्यांना लागत राहतो. साडी एरवीपेक्षा दोन बोटं वर नेसवा. पायात चप्पल नको, बूट. इथे साडीवर मोजे आणि बूट घातलेल्या आज्या रस्तोरस्ती दिसतात, कुणी वळूनही बघत नाही. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, कारण नाही म्हणण्याचं खरं कारण बहुतेक वेळा तेच असतं. शाल हवीच, पण मोठी पिन लावून. जिना चढताना-उतरताना घसरणारी शाल सावरायला एक हात अडकतो आणि कठडा सुटतो. कानटोपी घालायला त्या तयार नसतील तर मऊ लोकरी स्कार्फ डोक्यावरून कानाभोवती बांधून वर पदर घेतला तरी चालतं.

मुलांची काळजी उलट्या बाजूने करायची. मोठी माणसं स्वतःला वाजतंय म्हणून मुलांना कपड्यांत गुंडाळतात, मूल इंडिया गेटला पळापळ करून आतून घामाने भिजतं आणि मग गाडीत बसल्यावर काकडतं. पोराच्या मानेवर मागून हात घालून बघा. मान ओलसर लागली तर एक थर उतरवा, गार लागली तर चढवा. हाताच्या बोटांवरून अंदाज घेऊ नका, ती गारच असतात. हातमोजे दोरीने जोडलेले घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी एक हरवतो. टोप्या प्रत्येकी दोन. चार वर्षांच्या मुलाला कमरेला नाडी-बटणं असलेली पॅंट आणि वर तीन थर घातले तर स्वच्छतागृहात तुमची तारांबळ उडेल, इलॅस्टिकच्याच पॅंट भरा.

स्वेटर माळ्यावरून काढले असतील तर निघण्याआधी दोन दिवस उन्हात टाका. डांबरगोळ्यांचा वास बंद खोलीत फार भरून राहतो. नवं काही घ्यायचं असेल तर आपल्या शहरांत हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडे बऱ्यापैकी माल मिळतो. दिल्लीत काश्मीरी गेटजवळचं मॉनेस्ट्री मार्केट आणि सरोजिनी नगर गरम कपड्यांसाठी चांगली आहेत. सरोजिनी नगर सोमवारी बंद असतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदीचा बेत असेल तर जाकिटं तिथेच घ्या, पण थर्मल, मोजे आणि एकेक स्वेटर घरूनच.

कारण थंडी दिल्लीच्या आधीच सुरू होते. राजधानीत पांघरूण मिळतं, डब्यात काही वाटत नाही. पण ग्वाल्हेर-आग्र्याकडे बाहेर पांढरंधोप धुकं असतं, गाडी तासन्‌तास रखडू शकते, आणि दिल्लीत निझामुद्दीन स्टेशनच्या फलाटावर पाऊल ठेवलं की तोंडातून वाफ निघते. तेव्हा बर्थखालच्या मोठ्या बॅगेच्या तळाशी स्वेटर असून उपयोग नाही. पाचही जणांचा एकेक स्वेटर, टोपी आणि मोजे एका वेगळ्या पिशवीत वर ठेवा आणि उतरण्याआधी अर्धा तास सगळ्यांना चढवा. बॅगेत खोबरेल तेलाच्या बाटलीऐवजी कोल्ड क्रीम आणि व्हॅसलिन टाका, खोबरेल दिवसभर गोठलेलंच राहील.

आग्र्याला शुक्रवारी जाऊ नका, ताजमहाल बंद असतो. या दिवसांत भल्या पहाटे ताज बघायचा हट्टही नको, धुक्यात घुमट दिसत नाही आणि यमुनेवरून येणारा गारठा पाचही जणांना सोसणार नाही. पहाटे धुक्यात गाडीने महामार्गावर निघणं तर जिवावरचं आहे. उशिरा निघा, दुपारी बघा.

रात्रीसाठी सैल सुती कपडे, त्यावर पातळ स्वेटर, पायात कोरडे मोजे आणि वर रजई. हीटर झोपण्याआधी बंद करा. कुणी खोलीत कोळशाची अंगीठी आणून देतो म्हणालं तर स्पष्ट नकार द्या. बंद खोलीत तिच्यातून निघणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या विषारी वायूने इकडे हिवाळ्यात माणसं दगावतात.

सासूबाईंना न्यावं की नाही, याचं उत्तर मी थंडीवरून देणार नाही, त्यांच्या छातीवरून देईन. दमा, जुना खोकला किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण डिसेंबर अखेरीस इथली हवा फार वाईट असते आणि शाल तोंडावर घेऊन हवेतले प्रदूषणाचे बारीक कण अडत नाहीत. त्यासाठी एन-९५ मास्क लागतो, तो सगळ्यांसाठीच आणा. असा त्रास नसेल तर त्यांना नक्की न्या. त्यांचा दिवस अकरा ते चार एवढाच ठेवा. सकाळी त्या खोलीत गरम चहा घेऊन आरामात आवरतील, तोवर तुमच्यापैकी एकाने मुलांना घेऊन जवळपास हिंडून यावं. लाल किल्ला, हुमायूनचा मकबरा, राजघाट, या सगळ्या ठिकाणी उन्हात बसायला मोकळी जागा आहे. दवाने ओल्या गवतावर टाकायला एक जाड प्लास्टिक आणि त्यावर जुनी सतरंजी तेवढी बरोबर घ्या.