कालपर्यंत चालणारी ओळ आज का अडते?

‘काल जी ओळ चालत होती, तीच आज एरर देतेय. माझं डोकं कोडिंगचं नाहीच का?’ बीकॉम करून पायथन या प्रोग्रामिंग भाषेकडे वळलेल्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न. नव्यानं शिकणारी हुशार मुलंही नेमकी याच जागी खचतात.

तिचा प्रोग्राम छोटा होता. फंक्शनच्या (नाव दिलेल्या ओळींच्या गटाच्या) बाहेर एकूण = 0. खाली नोंद नावाचं फंक्शन आणि त्यात एकच ओळ, प्रिंट(एकूण). 0 छापून यायचा. मग तिनं त्याखाली एकूण = एकूण + 1 लिहिलं आणि ‘अनबाउंडलोकलएरर’ आली. तीही नव्या ओळीवर नाही, वरच्या प्रिंटवर!

तिला नव्या ओळीपुढे # लावायला सांगितलं, म्हणजे पायथन ती ओळ वगळतो. एरर गेली. # काढला, परत आली. प्रिंट निर्दोष होतं, हे तिनं स्वतःच पाहिलं.

पायथन फंक्शन चालवण्याआधी ते पूर्ण वाचतो आणि कुठली नावं लोकल, म्हणजे फक्त त्या फंक्शनपुरती, ते ठरवतो. आत कुठेही, अगदी शेवटच्या ओळीत, एखादं नाव = किंवा += च्या डावीकडे आलं की ते सबंध फंक्शनभर लोकल. त्यामुळे प्रिंट बाहेरचं एकूण बघतच नाही, आणि आतल्याला अजून व्हॅल्यूच मिळालेली नसते. हे न सांगता ‘ग्लोबल (म्हणजे बाहेरचंच नाव वापर) लिही, चालेल’ म्हणून मुलांची बोळवण करणं चुकीचं आहे.

फंक्शनच्या सुरुवातीला ग्लोबल एकूण लिहिलं तर एरर जाते, हे खरं. पण प्रोग्राम वाढला की व्हॅल्यू कुणी बदलली ते सापडत नाही. म्हणून तिच्याकडून दुसरी पद्धत करून घेतली: एकूण पॅरामीटर म्हणून आत द्यायचं, एक मिळवून रिटर्न करायचं आणि बाहेर एकूण = नोंद(एकूण) लिहायचं. पहिल्यांदा ती नुसतं नोंद(एकूण) लिहून थांबली; रिटर्न झालेली व्हॅल्यू कुठे ठेवलीच नाही, त्यामुळे बाहेर 0 च राहिला.

पुढची शंका लिस्टची, म्हणजे यादीची. नावे.अपेंड() (यादीत नवं नाव जोडणं) ग्लोबलशिवाय चालतं, कारण तिथे आहे तीच लिस्ट बदलते, नावाला नवं काही दिलं जात नाही. नावे += लिहिलं की पुन्हा तीच एरर. फंक्शनच्या आत फंक्शन असेल आणि बाहेरच्या फंक्शनचं नाव बदलायचं असेल, तर ग्लोबल नव्हे, नॉनलोकल. इफ आणि फॉर मात्र वेगळा स्कोप (नावांची हद्द) करत नाहीत. जावा भाषेतून आलेल्यांना हे हमखास चकवतं.

आता एरर आली की ती विद्यार्थिनी आधी त्या फंक्शनमधल्या प्रत्येक = च्या डावीकडचं नाव अधोरेखित करते.