पेट्रोल टाकीचा रिकॉल निघालाय, पण ‘पार्ट आला नाही’ म्हणून परत पाठवतात. काय करू?

तुमचा प्रश्न मी असा समजले: खारघरला राहता, गाडी सेकंडहँड घेतलीय, टाकी फुल्ल केली की मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो. कंपनीच्या साइटवर चॅसी नंबर टाकला तर रिकॉल (म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) दाखवतंय, आणि सर्व्हिस सेंटरवाले ‘पार्ट आला की फोन करतो’च्या पुढे जात नाहीत. गाडी चालवू का, आणि यांच्याकडून काम कसं करून घेऊ?

मी काही वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका सर्व्हिस सेंटरला अ‍ॅडव्हायझर होते. म्हणजे तुम्ही ज्या काउंटरवर वैतागून उभे राहता, त्याच्या पलीकडे. आता त्या लाइनमध्ये नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आधी चालवण्याचं. गाडीखाली थेंब पडत असतील किंवा टाकीच्या खालच्या बाजूला ओल दिसत असेल तर गाडी जागची हलवू नका. रोडसाइड असिस्टन्सला फोन करा आणि टो करून न्यायला सांगा. नुसता वास असेल आणि तोही फुल्ल टाकीलाच येत असेल, तर तूर्तास अर्ध्या टाकीच्या वर भरू नका आणि बेसमेंटमध्ये लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालीच साचून राहते. आपल्याकडच्या टॉवरांची दोन-दोन मजले खाली गेलेली पार्किंगं बघता हे गंमतीवारी नेण्यासारखं नाही. सोसायटीला सांगून काही दिवस उघड्यावर जागा मागून घ्या.

गाडी सीएनजीवर चालवत असाल तर पेट्रोलच्या टाकीकडे कुणाचं लक्षच नसतं, आणि वास आला तरी ‘गॅसचा असेल’ म्हणून सोडून देतात. दोन्ही वास वेगळे आहेत, नाक नीट लावून बघा.

फुल्ल टाकीलाच वास का, तर टाकी वरपर्यंत भरायची नसतेच. वाफेला फुगायला जागा सोडलेली असते आणि ती वाफ कोळशाच्या एका डब्यातून, म्हणजे कॅनिस्टरमधून, फिरून इंजिनात जाते. नोझलच्या टोकाला बारीक भोक असतं. पेट्रोल तिथपर्यंत आलं की पंप कट मारतो. त्यानंतरही ‘राउंड फिगर करू का?’ म्हणत पोरगा दाबत राहिला की पेट्रोल थेट भरायच्या नळीत, म्हणजे फिलर नेकमध्ये, आणि कॅनिस्टरकडे चढतं. नेकच्या जोडात किंवा टाकीच्या डोक्यावरच्या गॅस्केटमध्ये, म्हणजे जोड घट्ट बसवणाऱ्या रबरी कड्यात, खोट असेल तर ती तेव्हाच उघडी पडते. २०१४ साली मारुतीने स्विफ्ट, डिझायर आणि अर्टिगा मिळून १,०३,३११ गाड्या परत बोलावल्या होत्या, त्या याच फिलर नेकसाठी. नोव्हेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ मध्ये बनलेल्या गाड्या, आणि तक्रारही हीच, ऑटो-कटच्या वर भरलं की वास. त्याआधी २०१० मध्ये ए-स्टारच्या साधारण लाखभर गाड्यांचा रिकॉल झाला, तो इंधन पंपाच्या गॅस्केटपायी.

तरी ‘तुम्हीच जास्त भरता’ असं काउंटरवर कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. कट झाल्यावर थांबणं शहाणपणाचं आहे, पण चांगल्या जोडातून थोड्या जास्तीच्या पेट्रोलने गळता कामा नये, आणि रिकॉल लागू असेल तर तो वादच संपला.

गळती कुठून आहे हे बऱ्याच मॉडेलमध्ये पाच मिनिटांत दिसतं. मागच्या सीटची बैठक उचलायची, कार्पेट सारायचं, खाली एक झाकण असतं. ते काढलं की टाकीतल्या इंधन पंपाचं काळं प्लास्टिकचं डोकं, त्यावर वायरचा कनेक्टर, इंधनाची नळी आणि भोवती मोठी लॉक रिंग. टाकीच्या डोक्यावर वर्षानुवर्षांची धूळ असतेच. गॅस्केट धड असेल तर ती धूळ कोरडी, फुंकर मारली की उडते. गळत असेल तर रिंगच्या एका बाजूला ती ओली होऊन काळपट चिकटलेली असते, बोट लावलं की वास बोटालाच येतो. हे तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा आणि फोटो काढा. स्वतः घरी उघडू नका, आणि ‘टाकी उतरवून डाख देतो’ म्हणणाऱ्याकडे तर अजिबात जाऊ नका. हल्लीच्या बहुतेक टाक्या प्लास्टिकच्या असतात, त्यांना डाख लागत नाही. शिवाय बाहेर हात लागला की कंपनीला हात झटकायला निमित्त मिळतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही इतक्या वेळा गेलात, पण दर वेळी जॉब कार्ड, म्हणजे गाडीची तक्रार आणि करायचं काम नोंदवणारा कागद, उघडलं होतं का? माझा अंदाज, नाही. ‘पार्ट नाहीये, कार्ड कशाला उघडायचं, आला की या’ असं म्हणून गाडी गेटवरूनच परत पाठवतात. हे आम्ही मुद्दाम करायचो, वरून तशीच सूचना असायची. उघडलेलं कार्ड सिस्टिममध्ये पेंडिंग दिसतं, ते किती दिवस पडून आहे हे कंपनीच्या झोनल ऑफिसला दिसतं, आणि मग मॅनेजरला जाब विचारला जातो. कार्डच नसेल तर कंपनीच्या लेखी तुम्ही कधी आलाच नाहीत.

उघडलं तरी त्यात काय लिहितात ते वाचा. तुम्ही दहा मिनिटं सांगितलेलं गाऱ्हाणं ‘स्मेल इशू, चेक’ एवढ्यावर येतं, आणि गाडी परत देताना बिलावर ‘चेक्ड, फाउंड ओके’. पुढे काही झालं, भांडण ग्राहक आयोगात गेलं, तर तुमच्याच सहीखाली गाडी ठीक होती असा कागद त्यांच्याकडे तयार.

घोडबंदर रोडवरून एक निवृत्त बँकवाले काका यायचे. आवाज चढवला नाही कधी. खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, ‘मॅडम, तुम्ही टाइप करा, मी सांगतो.’ आणि सांगायचे: टाकी ऑटो-कटपर्यंत भरल्यावर मागच्या उजव्या चाकाजवळ वास व ओल, या चॅसी नंबरला रिकॉल लागू, पार्ट उपलब्ध नाही, पार्टची ऑर्डर क्रमांक अमुक, अपेक्षित तारीख अमुक. शेवटच्या दोन जागा मी मोकळ्या सोडल्या तर हसून म्हणाले, ‘मी थांबतो, विचारून या.’ मला आत स्टोअरला जावं लागलं. तिथे कळलं की त्यांच्या नंबरवर ऑर्डर टाकलेलीच नव्हती! त्या दिवशी टाकली गेली. रांगेत त्यांच्या आधीची किती तरी माणसं होती, पण काम त्यांचं आधी झालं.

ऑर्डर राहून जाते त्याला कारण आहे. रिकॉलच्या कामाची मजुरी कंपनी ठरलेल्या दराने देते, त्यावर वरचं काही विकता येत नाही. त्याच बेवर, म्हणजे गाडी उभी करून काम करायच्या जागेवर, पेड सर्व्हिस घेतली तर पॉलिश, कोटिंग, अलाइनमेंट सगळं लागतं. महिनाअखेरीला टार्गेट असलं की रिकॉलच्या गाड्या मागे सरकतात. पार्टची खरी टंचाईही असते, ते खोटं नाही. लाखभर गाड्यांसाठी एकाच वेळी पार्ट बनत नाहीत. म्हणून नुसतं ‘पार्ट नाही’ चालवून घ्यायचं नाही, ‘माझ्या नंबरवर ऑर्डर कधी टाकली’ हे विचारायचं.

अमेरिकेतही हे चुकलेलं नाही. २०१३ मध्ये क्रायस्लरने जुन्या जीप ग्रँड चेरोकी आणि लिबर्टी मिळून १५.६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे होती, मागून धडक बसली की आगीचा धोका. उपाय म्हणून मागे ट्रेलरचा हुक बसवायचा होता. पण वर्ष उलटून गेलं तरी मालकांना हुक मिळत नव्हते. शेवटी जुलै २०१५ मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने एकूण २३ रिकॉल नीट न हाताळल्याबद्दल कंपनीला १०.५ कोटी डॉलरचा दंड लावला आणि काही जुन्या जीपच्या मालकांना एक्सचेंजमध्ये बाजारभावापेक्षा जास्तीची किंमत घेण्याची सोय झाली.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष असेल तर परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर तक्रार टाकता येते, ती जरूर टाका. पण ठरावीक संख्येने तक्रारी जमल्या तर सरकार सक्तीचा रिकॉल काढतं, अशी ती व्यवस्था आहे. तुमचा रिकॉल आधीच निघालेला आहे, त्यामुळे तुमची एकट्याची गाडी तेवढ्याने रॅम्पवर चढणार नाही.

त्यासाठी क्रम असा धरा. जॉब कार्डाचा फोटो जोडून कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, डीलरला प्रत. फोनवर बोलू नका, बोललात तर त्याच दिवशी ‘आपलं असं बोलणं झालं’ म्हणून मेल टाका. आठवड्या-दोन आठवड्यांत हालचाल नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथून तक्रार थेट कंपनीकडे जाते आणि माझा अनुभव असा की तिथला माणूस डीलरपेक्षा लवकर हलतो. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या आयोगात दाद मागता येते, कंपनीचं मुख्यालय गुरगावला असो की चेन्नईला. गाडीला मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती डोक्यात ठेवा.

गाडी सेकंडहँड आहे म्हणून कुणी नाही म्हणत असेल तर ते चूक आहे, रिकॉल चॅसी नंबरला असतो, मालकाला नाही. पत्र मात्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असणार. आरसीची प्रत देऊन डीलरकडून तुमचं नाव, मोबाइल आणि पत्ता कंपनीच्या रेकॉर्डला चढवून घ्या.

आणि काम झाल्यावर गाडी रिकाम्या टाकीने घेऊन घरी येऊ नका. जवळच्या पंपावर ऑटो-कटपर्यंत भरा, सर्व्हिस सेंटरला परत आणा, तासभर उभी करा आणि अ‍ॅडव्हायझरला सोबत घेऊन वास बघा. नवीन गॅस्केट नीट बसलं नाही म्हणून परत आलेल्या गाड्या मी पाहिल्यात. वास नसेल तर बिलावर बदललेल्या पार्टचा नंबर आणि ‘रिकॉल पूर्ण’ असा शेरा घेऊन मगच सही करा.