जुन्या रायफलीची सूट आणि न मिळणारा सुटा भाग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मॅनलिखर-शोनावरची 1908 मॉडेलची, 8×56 काडतुसाची (आकडे मिलिमीटरमध्ये: गोळीची अंदाजे जाडी आणि काडतुसाच्या टरफलाची लांबी) शिकारी रायफल विक्रीला आली आहे. नळी स्वच्छ आहे, पण मॅगझिनमधला, म्हणजे काडतुसं साठवणाऱ्या कप्प्यातला, फिरता गाभा तुटला आहे आणि एक्स्ट्रॅक्टर (झाडलेल्या काडतुसाचं टरफल बाहेर ओढणारी आकडी) झिजला आहे. म्हणून विक्रेता चालू स्थितीतल्या रायफलीपेक्षा 40 टक्के कमी मागतो आहे. शस्त्र परवाना तुमच्याकडे आहे. पैसे आपत्कालीन निधीतून काढायचे, भाग मिळवून दुरुस्ती करायची आणि पुढे किंमत वाढेल म्हणून ही गुंतवणूक धरायची, असा तुमचा विचार आहे.

माझं मत: आत्ता आणि या पैशांतून ती घेऊ नका. रायफलीचा नाद सोडा, असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. ऑस्ट्रियातल्या श्टायरच्या कारखान्यातलं हे काम किती सुबक असतं, हे मला ठाऊक आहे आणि तुमची ओढ मला समजते.

तुम्हाला ती 40 टक्के सूट वाटते आहे. माझ्या मते ते दुरुस्तीचं बिल आहे, फक्त त्यावरचा आकडा अजून कोणी लिहिलेला नाही. या रायफलीचं वैशिष्ट्य म्हणजे तिचं फिरतं मॅगझिन, आणि अडचणही तिथेच आहे. आतला गाभा विशिष्ट काडतुसाच्या आकाराला जुळवून केलेला असतो. 1903 चं मॉडेल 6.5×54 चं, 1905 चं 9×56 चं, 1910 चं 9.5×57 चं. बाहेरून ही भावंडं सारखी दिसतात, पण एकाचा गाभा दुसऱ्यात टाकून काम भागत नाही. म्हणजे तुमचा शोध 8×56 च्या गाभ्यापुरताच उरतो, आणि या रायफली बंद होऊन पन्नासएक वर्षं झाली आहेत. हीच रायफल माउझर 98 या जर्मन रायफलीच्या यंत्रणेवरची असती तर माझं उत्तर वेगळं असतं. ती यंत्रणा अनेक देशांत प्रचंड संख्येने बनली, त्यामुळे तिचे भाग मिळण्याची शक्यता खूपच जास्त असते.

भाग मिळण्याचे मार्ग तीन: कोणाकडे पडून राहिलेला जुना साठा, मोडीत निघालेली दुसरी रायफल, किंवा कुशल गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) नवा भाग घडवून घेणं. तिसऱ्या मार्गात धातूपेक्षा कारागिराच्या तासांचे पैसे जास्त जातात. आणि भाग हातात आला म्हणजे खर्च संपला असंही नाही. एक्स्ट्रॅक्टर अनेकदा हाताने घासून बसवावा लागतो. बोल्टच (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) बदलावा लागला तर बोल्ट बंद असताना काडतूस नेमकं बसतं का, हे मापकाने तपासावंच लागतं, कारण तिथली चूक चालवणाऱ्याच्या जिवावर येऊ शकते. शिवाय बोल्टवरचा आणि मुख्य भागावरचा क्रमांक जुळत नसेल, तर संग्राहक किंमत उतरवतात.

काडतुसांबद्दल तुम्ही लिहिलं आहे की 8×56 ची बरीच काडतुसं विक्रीला दिसतात. इथे कृपया थांबा. तुम्ही पाहिली ती बहुधा 8×56R असावीत. ती 1930 च्या दशकातल्या ऑस्ट्रियन आणि हंगेरियन लष्करी रायफलींची आहेत, त्यांच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते आणि गोळीही अधिक जाड असते. तुमच्या रायफलीत ती चालणार नाहीत, आणि तसा प्रयत्नही करू नका. तुम्हाला लागणारं काडतूस बिनकडेचं आहे आणि बरंच दुर्मीळ आहे. हा खर्च तुमच्या हिशेबात कुठेच दिसला नाही.

आता गुंतवणुकीचं पाहू. केवळ उदाहरण म्हणून खरेदी 100 धरा, दुरुस्ती 25, आणि देखभाल, विमा व परवान्याचा खर्च वर्षाला 2. दहा वर्षांनी एकूण 145 गुंतलेले असतील. तेव्हा रायफल 180 ला विकली आणि दलालाने 20 टक्के घेतले, तर हाती 144 येतात. तेच सुरुवातीचे 125 वर्षाला 6 टक्क्यांनी वाढले असते तर सुमारे 224 झाले असते. किंमत जवळपास दुप्पट होऊनही नफा शून्य, हे नीट पाहा. जुनी वस्तू चढ्या भावाने विकली गेल्याच्या बातम्यांत हे मधले खर्च कधी नसतात, आणि लोक त्या बातम्यांवर विसंबून निर्णय घेतात याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून रायफल छंदाच्या खर्चात धरा. छंदावर खर्च करण्यात काहीच गैर नाही.

आपत्कालीन निधीला हात लावू नका. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं, तर ही रायफल आठवड्याभरात विकता येणार नाही. शस्त्राचा खरेदीदारही परवानाधारकच लागतो, आणि हस्तांतराच्या कागदपत्रांना वेळ लागतो.

वार्षिक बोनस चार महिन्यांनी येणार आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. तोवर विक्रेत्याच्या परवानगीने रायफल परवानाधारक गनस्मिथला दाखवा आणि दोन्ही भागांचा लेखी अंदाज घ्या. गाभा प्रत्यक्ष कुठे मिळतो, हे कळल्याशिवाय बयाणा देऊ नका. त्या अंदाजात पन्नास टक्के वाढ धरा, कारण जुन्या यंत्रणेत एक भाग उघडला की दुसरा दोष दिसतो. ती रक्कम चालू स्थितीतल्या किमतीतून वजा करा आणि उरेल तेवढाच भाव सांगा. तो भाव तुमच्या बोनसच्या निम्म्यात बसला तर खुशाल घ्या. मग तिला नवा मुलामा देऊ नका आणि दुर्बिणीसाठी भोकं पाडू नका. मूळ रूप गेलं की संग्राहकाचं मोल घटतं, आणि ते दुरुस्तीने परत येत नाही.

विक्रेता चार महिने थांबायला तयार नसेल, तर ही रायफल जाऊ द्या आणि चालू मॅगझिनची दुसरी शोधा. ती महाग पडेल, पण तिची किंमत तुम्हाला पहिल्याच दिवशी पूर्ण कळलेली असेल.