बी.एड.ला प्रकल्प पद्धत शिकवताना गटचर्चा घेतली तर पुरेशी आहे का?

अजिबात नाही. गटात पाच जण बसतात, दोघे बोलतात, एक जण मुद्दे उतरवतो आणि तास संपतो. असं शिकलेला शिक्षक पुढे शाळेत थर्माकोलचा ज्वालामुखी करून आणायला सांगतो, आणि तो पालक करतात.

छात्राध्यापकांनी आधी स्वतः एक छोटा प्रकल्प करावा, नियोजनाचा तक्ता नंतर. सोलापुरात विषय शोधायला लांब जायला नको, इथे नळाला रोज पाणी येत नाही. मात्र ‘पाणी वाचवा’ हा विषय देऊ नका, त्यातून नुसत्या घोषणा निघतात. मोजल्याशिवाय उत्तर मिळणार नाही असा प्रश्न द्या. पाणी चार दिवसांनी आलं तर पाच माणसांच्या घराला किती साठवावं लागेल? शहरासाठीचा माणशी रोज 135 लिटरचा निकष धरला तर 2700 लिटर. आता घरचा हौद मोजा. 3 फूट लांब, 3 रुंद, 4 उंच म्हणजे 36 घनफूट. घनफुटाला 28.3 लिटर धरले तर जेमतेम 1020. मग लोक भागवतात कसं, असं कुणीतरी विचारतंच. खरा प्रकल्प तिथून सुरू होतो.

त्यानंतर जिगसॉ घ्या, म्हणजे प्रत्येकाने एक भाग शिकून घ्यायचा आणि तो आपल्या गटाला शिकवायचा. 40 जण असतील तर पाचाचे आठ मूळ गट. प्रत्येकाकडे एक भाग: प्रश्न ठरवणं, माहिती जमवणं, नोंदी, वेळापत्रक, मूल्यमापन. एकच भाग मिळालेले सगळे आधी एकत्र बसून तो शिकतात, तो तज्ज्ञ गट. तो आठाचा होतो, मोठा पडतो, चार-चार करा. मूळ गटात परतल्यावर सगळे कागद वाचून दाखवतात आणि पद्धत तिथेच मरते. म्हणून परतताना कागद काढून घ्या, तोंडी समजावू द्या.

शेवटी भूमिकाभिनय. एक जण शिक्षक, पाच जण सातवीची मुलं. मुलांना चिठ्ठ्या द्या: ‘माझ्या घरी टाकीच नाही’, ‘मी गप्प बसते’, ‘सगळं मीच करणार’. शिक्षकाने फक्त प्रश्न विचारायचे. निरीक्षकांनी शेरे लिहायचे नाहीत, कोण किती वेळा बोललं एवढ्याच रेघा मारायच्या. गप्प बसलेल्या मुलीपुढे एकही रेघ नाही, हे दिसलं की वेगळा उपदेश लागत नाही.

‘आधी सिद्धांत संपवा, मग कृती’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकने 1918 च्या लेखात मनापासून, हेतू धरून केलेल्या कृतीलाच प्रकल्पाचं मर्म मानलं. ती व्याख्या फळ्यावर उतरवून घ्यायची आणि हेतू मात्र प्राध्यापकानेच ठरवायचा, हे मला मान्य नाही.

एक राहिलंच. जिगसॉच्या दिवशी गैरहजेरी असेल तर त्या भागाला मूळ गटात कुणीच उरत नाही. हजेरी आधी घ्या, गट मग पाडा. आणि हे सगळं एका तासिकेत बसत नाही, सलग दोन मागून घ्या.