नाइट कुणाला लावायची?

एका सरकारी रुग्णालयातील इन्चार्ज सिस्टरनी लिहिले आहे की, त्यांच्या वॉर्डातील एका परिचारिकेला त्यांनी गेले तीन महिने नाइट लावलेली नाही. ही परिचारिका त्यांची प्रशिक्षणाच्या काळापासूनची मैत्रीण असून, मूल होण्यासाठी तिचे उपचार चालू आहेत. ही गोष्ट तिने फक्त त्यांनाच विश्वासाने सांगितली आहे. वॉर्डात ‘वशिल्याची ड्यूटी’ अशी कुजबुज सुरू झाली असून, एकीने मेट्रनकडे लेखी तक्रारही केली आहे. आता सर्वांना सारख्याच नाइट लावून मोकळे व्हावे का, असे त्या विचारतात.

सिस्टर,

मैत्रिणीला नाइटमधून सूट देण्याचा तुमचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. तो ज्या रीतीने घेतला गेला, ती रीत मात्र इतरांना पंक्तिप्रपंचाची वाटावी अशीच आहे. त्यांना उपचार दिसत नाहीत. त्यांना भिंतीवरची यादी दिसते, तीत नाइटच्या रकान्यात एक नाव कधीच येत नाही, आणि त्याच नावाची व्यक्ती दुपारी तुमच्या शेजारी बसून डबा खाते. एवढ्यावरून त्यांनी दुसरा कोणता निष्कर्ष काढावा?

सर्वांना सारख्याच नाइट लावल्या तर बोलायला कुणाला जागा राहणार नाही, हे खरे. पण तो न्याय नव्हे, ती स्वतःची सुटका झाली. कायदासुद्धा सर्वांना एकाच मापाने मोजत नाही: १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून चालत आलेल्या नियमानुसार गरोदर स्त्रीने विनंती केल्यास प्रसूतीपूर्वीच्या ठरावीक काळात तिला कष्टाचे किंवा तासन्‌तास उभे राहण्याचे काम देता येत नाही. सवलत देण्यात गैर काही नसते. जिचे कारण कुणालाच ठाऊक नाही आणि जी फक्त एकीलाच मिळते, ती सवलत डोळ्यांत खुपते.

कारण सांगण्याने किती फरक पडतो, याचा एक जुना अभ्यास आहे. अमेरिकेतील संशोधक जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये तो प्रसिद्ध केला. एका कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवडे पगारात १५ टक्के कपात झाली. एका ठिकाणी तिची कारणे सविस्तर आणि मनापासून खेद व्यक्त करून सांगण्यात आली, तर दुसऱ्या ठिकाणी दोन शब्दांत विषय उरकण्यात आला. कपात तेवढीच असूनही दुसऱ्या कारखान्यात कामगारांकडून होणाऱ्या चोऱ्या कितीतरी अधिक वाढल्या.

तुमची अडचण अशी की, खरे कारण सांगण्याचा अधिकार तुमचा नाही, आणि तो तुम्ही मुळीच घेऊ नये. परंतु व्यक्तीचे कारण झाकून नियम उघडा करता येतो. मैत्रिणीला डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह मेट्रनकडे अर्ज करायला सांगा, सूट किती महिन्यांची ते त्यात लिहिलेले असू द्या, म्हणजे ती देणाऱ्या तुम्ही एकट्या उरणार नाही. मग वॉर्डाच्या बैठकीत एवढेच सांगा की, वैद्यकीय कारण असलेल्या कोणालाही याच मार्गाने ठरावीक मुदतीची सूट मिळेल आणि त्या काळातील नाइट इतरांत पाळीपाळीने वाटल्या जातील. ‘तिला काय झाले आहे?’ असे कुणीतरी विचारेलच. तुमच्याबद्दलही मी इतरांना असे काही सांगणार नाही, हे उत्तर पुरेसे आहे.

पत्रात तुम्ही ओघात लिहिले आहे की, दिवाळीच्या नाइट ‘नेहमीप्रमाणे’ अविवाहित मुलींना लावल्या. मला ही गोष्ट मैत्रिणीच्या सवलतीपेक्षा जास्त खटकली. लग्न न झालेल्या मुलीलाही घर असते, आई वाट पाहत असते. लक्ष्मीपूजनाची रात्र आणि भाऊबीज यांची पाळी वर्षभर आधी लिहून ठेवली, तर हा प्रश्न दरवर्षी उपटणार नाही. तसेच यादी लागल्यावर तिच्यावर व्हाइटनर फिरवणे बंद करा. अदलाबदल हवी असेल तर दोघींनी सही करून ती मागावी. मग ती मैत्रीण असो वा आणखी कुणी.

राहिली तक्रार करणारी सिस्टर. तिच्या पुढच्या महिन्याच्या नाइट सगळा वॉर्ड मोजणार आहे, तेव्हा तिच्या वाट्याला एकही जास्त येणार नाही हे पाहा, आणि तिला खूश करण्यासाठी एकही कमी करू नका. मेट्रन बोलावतील याची वाट न पाहता तुम्हीच त्यांची वेळ मागा, आणि जाताना मागील सहा महिन्यांच्या याद्या बरोबर न्या.