बंपरचा तडा जोडण्याआधी

घाईने गोंद लावू नका. आधी बंपर उतरवून मागची बाजू बघा, तिथे प्लास्टिकची जात कोरलेली असते. ‘एबीएस’ या कडक प्लास्टिकवर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, छान धरतो. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर मात्र साधा इपॉक्सी टिकत नाही, पापुद्र्यासारखा सुटून येतो. माझा पहिला जोड असाच गेला, फार वाईट वाटलं होतं. पीपीला पीपीचीच कांडी वितळवून जोड द्या.

त्याआधी तड्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर तो पुढे सरकत राहतो. खरी ताकद मागून येते. तिथे स्टीलची बारीक जाळी सोल्डरिंग आयर्नने तापवून आत दाबा. धुरापासून जपा, काम मोकळ्या हवेतच करा. रंगाचं नंतर बघू.